टेक्सासमध्ये गाडी घेतली, प्लेट लागली, पण टायटल आणि स्टिकर येत नाही: काय करायचं?

गाडी घेऊन दोन महिने होत आले. डीलरला फोन केला की तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतो. काचेवर लावायचं रजिस्ट्रेशनचं स्टिकर आलेलं नाही, आणि टोलचं बिल कुठल्या नंबरावर निघेल याचा भरवसा नाही. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून हा प्रश्न सतत येतो. १ जुलै २०२५ पूर्वी तो ‘पेपर टॅग संपला, आता काय?’ असा यायचा. हे कागदी टॅग, म्हणजे डीलर लावून द्यायचा ती कागदाची तात्पुरती नंबर प्लेट, आता गेले, पण प्रश्न गेलेला नाही. उलट तो उशिरा लक्षात येऊ लागला आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: टॅगच्या किंवा प्लेटच्या मागे धावू नका, टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, फाइलच्या मागे लागा. टॅग संपणं, स्टिकर न येणं, टोलचा गोंधळ, इन्शुरन्सवाल्यांचं पुन्हा पुन्हा विचारणं, हे सगळं वर दिसतं. अडकलेली असते ती फाइल. ती पुढे सरकली की बाकीचं बहुतेक आपोआप मार्गी लागतं.

मालकीचा कागद वेगळा, रस्त्याचा परवाना वेगळा

आपल्याकडे आरसी बुक हातात आलं की गाडी आपली झाली आणि रस्त्यावर आणायलाही मोकळी झाली. टेक्सासमध्ये ही दोन कामं दोन वेगवेगळ्या गोष्टी करतात. टायटल हा मालकीचा पुरावा. रजिस्ट्रेशन म्हणजे ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची परवानगी. तिची खूण म्हणजे पुढच्या काचेला आतून चिकटवलेलं स्टिकर, आणि ते साधारणपणे दरवर्षी नवं घ्यावं लागतं. नंबर प्लेट ही तिसरी वस्तू. तिन्ही एकदम मिळतीलच असं नाही, आणि एक मिळाली म्हणजे बाकीच्या दोन झाल्याच असंही नाही.

डीलरकडून गाडी घेतली की टायटल आणि रजिस्ट्रेशनचा अर्ज करण्याची जबाबदारी डीलरची. विक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांत त्याने तो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) टॅक्स ऑफिसकडे द्यायचा असतो. डीलर स्वतःच कर्ज देत असेल, म्हणजे ‘बाय हिअर, पे हिअर’ प्रकार असेल, तर त्याला ४५ दिवस मिळतात. यासाठीचे पैसे त्याने तुमच्याकडून आधीच घेतलेले असतात. खरेदीच्या कागदावर ‘टीटी अँड एल’ अशी ओळ शोधा: टॅक्स, टायटल आणि लायसन्स. विक्रीकर ६.२५ टक्के, टायटलची फी काउंटीप्रमाणे २८ किंवा ३३ डॉलर, साध्या मोटारीचं वर्षाचं मूळ रजिस्ट्रेशन ५० डॉलर ७५ सेंट. इलेक्ट्रिक गाडीला यावर वर्षाला २०० डॉलर जादा, आणि नवी कोरी असेल तर पहिल्या दोन वर्षांचे मिळून ४०० एकदम.

आता हिशेब करा. २५,००० डॉलरची गाडी असेल आणि बदल्यात जुनी दिलेली नसेल, तर नुसता कर १,५६२ डॉलर ५० सेंट होतो. हे पैसे तुमचे नाहीत आणि डीलरचेही नाहीत, राज्याचे आहेत. पण अर्ज दाखल होईपर्यंत ते डीलरच्या खात्यात पडून राहतात. हातात रोकड कमी असलेला छोटा डीलर फाइल का रेंगाळत ठेवतो, याचं एक कारण इथेच आहे.

कागदी टॅग का गेले

हा इतिहास माहीत असला तर आजचे नियम पटकन कळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पूर्वी डीलर राज्याच्या ऑनलाइन यंत्रणेत गाडीची माहिती भरायचा आणि आपल्याच प्रिंटरवर, साध्या कागदावर, ६० दिवसांचा टॅग छापून मागे लावून द्यायचा. त्या मुदतीत टायटलचं काम करायचं, मग धातूची प्लेट यायची. सोय म्हणून हे ठीक होतं. पण डीलरचा परवाना मिळवताना ओळखीची तपासणी ढिली होती, आणि एकदा यंत्रणेत शिरायला मिळालं की किती टॅग छापायचे याला आडकाठी नव्हती. खोट्या किंवा चोरलेल्या ओळखीवर परवाने काढून, एकही गाडी न विकता, लोकांनी टॅग छापून विकायला सुरुवात केली. ते इंटरनेटवरून देशभर गेले. पार न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टेक्सासचे कागदी टॅग दिसू लागले. विमा नाही, तपासणी नाही, मालक कोण ते कळत नाही, अशा गाड्या त्या कागदाच्या आड फिरायच्या.

२०२१ मध्ये विधिमंडळाने एचबी ३९२७ हा कायदा केला. त्याने राज्याच्या मोटार वाहन खात्याला, म्हणजे टीएक्सडीएमव्हीला, डीलरच्या टॅगच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा आणि फसवणूक दिसल्यास त्याचा प्रवेश बंद करण्याचा अधिकार दिला. अंमलबजावणीला मात्र वेळ लागला. टीका वाढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्याच्या कार्यकारी संचालक व्हिटनी ब्रूस्टर यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी परवान्यासाठी बोटांचे ठसे घेणं सुरू झालं आणि डिसेंबरमध्ये टॅगचं नवं, नक्कल करायला अवघड असं रूप आलं. त्याआधी, १४ नोव्हेंबर २०२२ रोजी, ग्रँड प्रेअरीचे पोलीस अधिकारी ब्रँडन साय हे बनावट कागदी टॅग असलेल्या गाडीचा पाठलाग करताना अपघातात मरण पावले. ‘कागदाचा तुकडा’ हा विषय किती गंभीर आहे हे तेव्हा सगळ्या राज्याला कळलं.

२०२३ मध्ये एचबी ७१८ मंजूर झाला. टॅग सुधारत बसण्याऐवजी त्याने डीलरचे कागदी टॅगच बंद केले. १ जुलै २०२५ पासून टेक्सासचा परवानाधारक डीलर गाडी विकतानाच धातूची प्लेट देतो. त्याच तारखेपासून सगळ्या डीलरना टायटलचे अर्ज वेबडीलर या ऑनलाइन यंत्रणेतूनच करणं बंधनकारक झालं. ही दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते, पण आपल्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. ती पुढे येईलच.

तुमच्या गाडीवर काय लागलंय ते आधी पाहा

टेक्सासच्या रहिवाशाने टेक्सासच्या डीलरकडून गाडी घेतली असेल तर तिच्यावर नेहमीची काळी-पांढरी प्लेट हवी, पुढे एक आणि मागे एक. हिरव्या रंगाची प्लेट असेल तर ती गाडी राज्याबाहेर नेणाऱ्या ग्राहकासाठी आहे आणि तिची मुदत ६० दिवसांची. निळी प्लेट म्हणजे तात्पुरतं रजिस्ट्रेशन, म्हणजे ३० दिवसांचं किंवा एका फेरीचं वगैरे परमिट. लाल प्लेट डीलरची, गाडी त्याच्या ताब्यात असतानाची. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, गाडी घरी आणलीत आणि मागे लाल प्लेट असेल, तर लगेच डीलरकडे परत जाऊन तुमच्या नावाने प्लेट मागा.

आणि टेक्सासचा डीलर आजच्या तारखेला ‘सध्या हा कागद लावा, प्लेट नंतर येईल’ म्हणत असेल, तर चावी घेऊ नका. १ जुलै २०२५ पूर्वी दिलेल्या टॅगची मुदतसुद्धा त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीपर्यंत संपून गेली. आता डीलरने हातात ठेवलेला टेक्सासचा कागदी टॅग खरा असूच शकत नाही. असा कागद देणाऱ्याचा डीलर परवाना आधी तपासा. त्याच्या परवान्याचा क्रमांक, ज्याला जीडीएन म्हणतात, ‘पी’ या अक्षराने सुरू होतो आणि टीएक्सडीएमव्हीच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

खरी अडचण मात्र काळी-पांढरी प्लेट असलेल्यांचीच जास्त आहे. पूर्वी टॅगवर मोठ्या अक्षरांत मुदतीची तारीख असायची. साठावा दिवस जवळ आला की माणूस आपोआप डीलरच्या मागे लागायचा. आता गाडीवर पक्की प्लेट आहे, त्यामुळे सगळं झालंय असंच वाटतं. प्लेट म्हणजे टायटल झाल्याचा पुरावा नाही. डीलरने आपल्याकडच्या साठ्यातली एक प्लेट तुमच्या गाडीला नेमून दिली, एवढाच तिचा अर्थ. अर्ज दाखल झाला का, कर भरला का, काउंटीने मंजूर केला का, यातलं काहीही ती प्लेट सांगत नाही. म्हणून गाडी घेतली त्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये पंचविसाव्या दिवशी ‘टायटल?’ अशी नोंद करून ठेवा. स्टिकर येईपर्यंत प्लेटची पावती, खरेदीचा कागद आणि इन्शुरन्स कार्ड गाडीतच ठेवा.

फाइल कुठे अडते

आपल्या लोकांच्या फाइली जास्त करून नावापाशी अडतात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव खाली. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते तिन्ही तसेच उतरतात. बँकेच्या कर्जाच्या कागदावर मधलं नाव गळतं. आणि डीलरकडचा माणूस फॉर्म १३०-यू भरताना कधी वडिलांचं नाव पहिलं टाकतो, कधी मधलं नाव आडनावाला जोडून टाकतो. हा १३०-यू म्हणजे टायटल आणि रजिस्ट्रेशनचा मूळ अर्ज. काउंटीतल्या कारकुनाला लायसन्सवर एक माणूस दिसतो आणि अर्जावर दुसरा. फाइल परत जाते.

नात्यातल्या एका मुलाने इथे पहिली गाडी घेतली तेव्हाचं सांगतो. नुकताच कोल्हापूरहून आलेला, नोकरी प्लेनोला. त्याचा फोन आला: “काका, डीलर म्हणतोय फाइल काउंटीत आहे, काउंटी म्हणते आमच्याकडे काही नाही. खरं कोण बोलतंय?” दोघंही खरंच बोलत होते. डीलरने फाइल पाठवली होती, काउंटीने ती नावातल्या फरकामुळे परत पाठवली होती, आणि डीलरकडे ज्या बाईंच्या नावाने ती परत आली त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. फाइल कुणीही उघडत नसलेल्या खात्यात पडून होती. दुरुस्त केलेल्या १३०-यूवर त्याने पुन्हा सही केली आणि काम झालं.

म्हणून सही करताना घाई करू नका. डीलरकडे त्या वेळी संध्याकाळ झालेली असते, मुलं कंटाळलेली असतात, समोर कागदांचा गठ्ठा असतो आणि फायनान्स मॅनेजर एकेक पान सरकवत असतो. तरी १३०-यू हातात घ्या आणि चार गोष्टी बोट ठेवून वाचा: नाव लायसन्सवर आहे अगदी तसंच, पत्ता अपार्टमेंट नंबरसकट, काउंटी, आणि व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. व्हीआयएन सतरा खुणांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. कुठे ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे, कुणीतरी चुकीचा टाइप केलाय. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा व्हीआयएन कागदाशी ताडून पाहा. फोनवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

दुसरं कारण ओळखपत्राची मुदत. एच-वन किंवा एल-वन या नोकरीच्या व्हिसांवर आलेल्यांचं टेक्सासचं लायसन्स मर्यादित मुदतीचं असतं. व्हिसाच्या कागदांवरच्या तारखेला तेही संपतं. मुदतवाढ चालू असताना गाडी घेतली आणि फाइल पोहोचेपर्यंत लायसन्स संपलं, की अडचण. पासपोर्टवर काम करायचं असेल तर तो चालू मुदतीचा हवा, आणि व्हिसाचे कागद बरोबर असू द्या.

तिसरं, जुनी गाडी असेल तर एमिशन, म्हणजे धुराची तपासणी. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने साध्या खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली. तिच्या जागी ७ डॉलर ५० सेंटची फी आली. ‘आता तपासणी नाही’ असं ऐकून लोक निर्धास्त होतात. पण डॅलस, टॅरंट, कॉलिन, डेंटन, हॅरिस, फोर्ट बेंड, ट्रॅव्हिस, विल्यमसन अशा मोठ्या वस्तीच्या काउंट्यांत धुराची तपासणी चालूच आहे. आणि आपली बहुतेक मराठी वस्ती नेमकी याच काउंट्यांत आहे. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेली गाडी या तपासणीत नापास होते. डीलरने दिवा पुसून गाडी विकली आणि तो आठवड्याभरात पुन्हा लागला, असंही घडतं. तपासणीचा रिपोर्ट खरेदीच्या वेळीच मागून घ्या.

चौथं कारण सगळ्यात त्रासाचं: टायटल डीलरकडे नसतंच. छोटे डीलर लिलावातून गाड्या उचलतात, त्याही उधारीवर. या उधारीला धंद्यात ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात. ज्याने पैसे दिले तो, डीलरने ते फेडेपर्यंत, टायटल स्वतःकडे ठेवतो. गाडी तुम्हाला विकली, पैसे डीलरकडे आले, पण त्याने ते दुसरीकडे वळवले, तर टायटल तिथेच राहतं. किंवा आधीच्या मालकाचं बँकेचं कर्ज पूर्ण फिटलेलं नसतं. अशा वेळी डीलरची उत्तरं गुळमुळीत होतात: ‘टायटल लिलावाकडून यायचंय’, ‘कुरिअर उशिरा आहे’. ३० दिवसांनंतर असं उत्तर आलं तर ते गंभीर समजा.

फोनवर नेमकं काय विचारायचं

‘माझी प्लेट कधी येणार?’ किंवा ‘स्टिकर कधी?’ असं विचारलं की उत्तर ‘लवकरच’ असंच येतं. सेल्समनशी बोलूच नका, त्याचं काम संपलंय. ‘टायटल क्लार्क’ मागा; प्रत्येक डीलरकडे हे काम बघणारं कुणीतरी असतं. आणि विचारा: माझी फाइल वेबडीलरमध्ये कोणत्या तारखेला सबमिट झाली? कोणत्या काउंटीला? आत्ता तिची स्थिती काय, मंजूर की परत? परत आली असेल तर कारण काय लिहिलंय?

वेबडीलरमध्ये हे सगळं समोर पडद्यावर दिसतं. ज्याने खरोखर अर्ज केलाय त्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. ‘बघून सांगतो’ म्हणाला तर फोन ठेवू नका, थांबतो म्हणा. अर्ज मंजूर झाला असेल तर टायटल ॲप्लिकेशन रिसीट ईमेलवर मागा. ती पावती म्हणजे कर भरला आणि अर्ज स्वीकारला गेला याचा पुरावा. इन्शुरन्स कंपनीला, नोकरीच्या ठिकाणच्या पार्किंगवाल्यांना, कुणालाही ती दाखवता येते. स्टिकर थेट तुमच्या पत्त्यावर येणार की डीलरकडे, हेही त्याच वेळी विचारून घ्या. कित्येकदा ते डीलरच्या टेबलावर पाकिटात पडलेलं असतं.

फोन झाला की लगेच ईमेल टाका: आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, तुम्ही असं सांगितलंत. आपल्या माणसांना हे भांडणासारखं वाटतं, संकोच होतो. संकोच सोडा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच धागा उपयोगी पडतो.

त्यानंतर काउंटीच्या टॅक्स ऑफिसात स्वतः जा. कॉलिन काउंटीची ऑफिसं मॅकिनी, प्लेनो आणि फ्रिस्कोला आहेत. बाकीच्या मोठ्या काउंट्यांच्याही शाखा आहेत. व्हीआयएन, प्लेट नंबर, खरेदीचा कागद आणि ओळखपत्र न्या. अर्ज आलाय की नाही एवढं खिडकीवर कळतं. डीलरचं म्हणणं आणि काउंटीचं म्हणणं जुळत नसेल, तर गाठ कुठे आहे ते तिथल्या तिथे समजतं.

कर्ज घेतलं असेल तर बँकेलाही फोन करा. टायटलवर आपला बोजा नोंदला जावा याची बँकेला तुमच्याइतकीच काळजी असते, आणि बँकेचा फोन आला की डीलर हलतो. कारण पुढच्या ग्राहकांची कर्जं त्याला तिथूनच हवी असतात. मात्र ‘टायटल येत नाही तोवर हप्ता भरणार नाही’ असं करू नका. डीलरचं त्यात काही बिघडत नाही. बिघडतो तुमचा क्रेडिट स्कोअर, तोही नुकता जमायला लागलेला.

डीलर दादच देत नसेल तर

३० दिवस उलटले, लेखी विचारणा केली, तरी फाइल दाखल नाही, तर टीएक्सडीएमव्हीकडे ऑनलाइन तक्रार करा. खरेदीचा कागद, पैसे दिल्याचा पुरावा, ईमेलचा धागा आणि प्लेटचा फोटो जोडा. तक्रारीत राग कमी आणि तारखा जास्त लिहा. या खात्याच्या हातात डीलरचा परवाना आहे, आणि २०२१ नंतर त्याचे अधिकार वाढलेत. तक्रार केल्याची प्रत डीलरला पाठवली की पुष्कळ फाइली त्याच आठवड्यात ‘सापडतात’.

डीलरने दुकानच बंद केलं असेल तर घाबरून जाऊ नका. टेक्सासच्या वाहतूक संहितेचं कलम ५०१.०२३६ नेमकं याच प्रसंगासाठी आहे: अर्ज न करताच डीलरचा धंदा बंद झाला, तर ग्राहक स्वतः टायटलसाठी अर्ज करू शकतो. त्यासाठी टीएक्सडीएमव्हीच्या विभागीय केंद्रात जायचं. डॅलसवाल्यांना कॅरलटनचं केंद्र जवळ पडतं.

पैशांचं नुकसान झालं असेल तर डीलरच्या बाँडचा आधार आहे: स्वतंत्र डीलरकडून राज्य ५०,००० डॉलरचा बाँड, म्हणजे नुकसानभरपाईची हमी, घेतं. २०२१ पूर्वी ही रक्कम निम्मी होती. त्यावर दावा करायला साधारणपणे कोर्टाचा निकाल लागतो. २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, करता येतो, आणि तिथे वकील असलाच पाहिजे असं नाही. एका बाँडवर अनेक ग्राहकांचे हक्क असू शकतात, म्हणून उशीर करू नका.

टायटलचा मूळ कागदच मिळत नसेल तर शेवटचा रस्ता ‘बाँडेड टायटल’. विभागीय केंद्र कागद तपासून पत्र देतं, मग गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड विकत घ्यायचा. एवढे पैसे भरायचे नसतात, त्यावरचा हप्ता भरायचा असतो. तीन वर्षं टायटलवर ‘बाँडेड’ असा शेरा राहतो. गाडी चालवायला अडचण नाही, पण विकताना किंमत पडते. शिवाय गाडीवर कुणाचं न फिटलेलं कर्ज असेल तर हा मार्ग सरळ राहत नाही. म्हणून आधी डीलरवरचा दबाव पूर्ण वापरून पाहा.

दुसऱ्या राज्यातून गाडी आणली असेल तर

इथे अजून कागदी टॅगची जुनीच डोकेदुखी आहे, कारण प्रत्येक राज्याचा नियम आणि मुदत निराळी. कॅलिफोर्नियाची तात्पुरती प्लेट ९० दिवसांची. तिथे २०१९ पूर्वी तर डीलरची जाहिरात लावूनच नव्या गाड्या फिरायच्या. जॉर्जियाचं परमिट ४५ दिवसांचं, फ्लोरिडाचा टॅग ३० दिवसांचा. फ्लोरिडातून गाडी मागवली, ती ट्रकवर चढून यायला दहा-बारा दिवस गेले, की हातात उरतात दोन-अडीच आठवडे, आणि टायटल तोवर टपालातच.

अशा वेळी डीलर प्रेमाने दुसरा टॅग पाठवतो, मग तिसरा. घेऊ नका. लागोपाठ टॅग देत राहणं हे फाइल अडल्याचं लक्षण आहे, आणि बहुतेक राज्यांत ते नियमाविरुद्धच आहे. मे २०२२ मध्ये इलिनॉय राज्याने कार्वाना या बड्या ऑनलाइन विक्रेत्याचा परवाना निलंबित केला तो याच दोन कारणांनी: टायटल वेळेत हस्तांतरित न करणं आणि ग्राहकांना दुसऱ्या राज्यांचे तात्पुरते परमिट देणं. म्हणजे कंपनी मोठी आहे, जाहिरात टीव्हीवर येते, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

तुमच्या काउंटीतून किंवा टीएक्सडीएमव्हीकडून ३० दिवसांचं परमिट २५ डॉलरला मिळतं. फॉर्म व्हीटीआर-६६ आणि चालू इन्शुरन्स लागतो. कामावर जाणं अडलं असेल तर ते जरूर घ्या. पण ते घेतल्याने टायटल इंचभरही पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवून त्या ३० दिवसांत डीलरचा पिच्छा पुरवा. दुसऱ्या राज्यात विक्रीकर भरला असेल तर त्याची पावती सांभाळा, टेक्सासच्या करातून ती रक्कम वजा होते. आणि आधीच तुमच्या नावावर असलेली गाडी घेऊन टेक्सासला राहायला आलात तर ६.२५ टक्के नाही, ९० डॉलरचा नवागत कर लागतो. मुदत ३० दिवसांची.

टोलचा हिशेब

डॅलस भागात एनटीटीएचं, म्हणजे तिथले टोलरोड चालवणाऱ्या संस्थेचं, खातं असेल तर प्लेट लागली त्याच दिवशी नवा नंबर खात्यात घाला आणि आधी तात्पुरता नंबर घातला असेल तर तो काढून टाका. नाहीतर झिपकॅशची, म्हणजे प्लेटचा फोटो काढून टपालाने पाठवली जाणारी, महाग बिलं पत्त्यावर येत राहतात, किंवा चुकीच्या पत्त्यावर जातात आणि दंडासकट उशिरा कळतात. न घेतलेल्या टोलरोडचं बिल आलं तर बिलावरचा फोटो बघा. गाडीचं मॉडेल किंवा रंग वेगळा असेल तर खरेदीच्या कागदासह लेखी हरकत घ्या. फोनवर तोंडी सांगून ते मिटत नाही.

जुनी गाडी विकली किंवा डीलरला बदल्यात दिली असेल तर ‘व्हेइकल ट्रान्सफर नोटिफिकेशन’ टीएक्सडीएमव्हीच्या संकेतस्थळावर ३० दिवसांत भरा. फुकट आहे, प्लेट नंबर आणि व्हीआयएनचे शेवटचे आकडे हाताशी असले की लगेच होतं. पुढच्या मालकाने टायटल केलं नाही तरी त्या तारखेनंतरचा टोल आणि पार्किंगचा दंड तुमच्या दारात येऊ नये यासाठी तेच कामी येतं. खासगी माणसाला गाडी विकताना मात्र प्लेटा काढून घ्या, आणि शक्य असेल तर घेणाऱ्याला बरोबर घेऊन काउंटीच्या खिडकीवर जा. त्याच्या नावाने अर्ज तुमच्यासमोर दाखल होऊ द्या आणि पावतीचा फोटो काढून घ्या.